सासूबाईंचे जोडउतारे

उताऱ्याशी भांडायचं नसतं. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं पिंपरीतल्या एका क्लासमध्ये जवळजवळ रोज म्हणत आले आहे, आणि एकाही मुलाने मला आजवर ‘का?’ म्हणून विचारलेलं नाही. मुलं शहाणी असतात. उतारा वाचतात, प्रश्न बघतात, अ-ब-क-ड मधलं एक ठोकतात आणि खाली वडापाव खायला पळतात. ‘का?’ विचारलं ते माझ्या सासूबाईंनी. तेही एकदा नाही, सबंध उन्हाळा.

सासूबाई निवृत्त चित्रकला शिक्षिका. संत तुकाराम नगरातल्या आमच्या फ्लॅटपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांची शाळा होती. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवून बसवून त्यांनी या भागातल्या दोन पिढ्यांना तांब्या आणि वांगी काढायला शिकवलं. अजूनही त्या भाजी आणायला निघाल्या की कोणीतरी दाढीवाला मोटारसायकल थांबवतो, गाडी चालूच ठेवून वाकून नमस्कार करतो आणि सांगतो की बाई, मला बी ग्रेड मिळाली होती. सासूबाई म्हणतात, “तुझी शेडिंग घाण होती.” त्यांना सगळ्यांची शेडिंग आठवते.

तर या बाईंनी साठी उलटल्यावर एका संध्याकाळी जेवताना जाहीर केलं, की मला एम.ए. करायचंय, कलेच्या इतिहासात.

माझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. तो चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. कुठलीही गोष्ट ऐकली की तिच्यात दोष काय हे आधी शोधायचं, असं त्याचं वळण. तो म्हणाला, “आई, रोज पुण्याला जाणं-येणं? तुझे गुडघे?”

“गुडघे आहेत तोवरच जायचंय,” सासूबाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षीचं मला सांगू नकोस. या वर्षी झालं तर झालं, नाही तर मी पुन्हा बसणार नाही.”

बी.ए. त्यांनी नोकरीत असतानाच बाहेरून केलं होतं, तेव्हा ती अडचण नव्हती. अडचण होती प्रवेशपरीक्षेची. जागा मोजक्या. अर्धा पेपर कलेवर आणि अर्धा इंग्रजी आकलनावर, म्हणजे उतारे वाचून उत्तरं देण्यावर. आकलनात वेगळं पास व्हावं लागतं. तिथे घसरलात तर कलेच्या भागात तुम्ही साक्षात ब्रह्मदेव असलात तरी उपयोग नाही. कलेच्या भागाची त्यांना काळजी नव्हती. इंग्रजीही त्या बऱ्यापैकी वाचतात, कारण चित्रांची जाडजूड पुस्तकं इंग्रजीतच असतात. आकलनाचं काय, असं नवऱ्याने विचारताच त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “घरात आकलनाची बाई असताना?”

मीही मूर्खासारखी हो म्हणाले. मनात म्हटलं, हे तर आपलं रोजचं काम. मी सरावाचं पुस्तक आणलं. त्यात जोडउताऱ्यांचं एक लांबलचक प्रकरण होतं. जोडउतारा म्हणजे एकाच विषयावर दोन वेगळ्या लेखकांचे दोन छोटे उतारे. दोन्ही वाचायचे, मग पहिला काय म्हणतो, दुसरा काय म्हणतो, दुसऱ्याला पहिल्याचं पटेल का, असे प्रश्न सोडवायचे. चौथा पर्याय बहुतेक ठिकाणी ‘उताऱ्यात दिलेलं नाही’ हा. पुस्तक काढणाऱ्याला काय हौस होती कोण जाणे, ते आख्खं प्रकरण थोर चित्रकारांवर होतं. एक चित्रकार हळू काढणारा, एक भराभर काढणारा. एक राजाच्या पदरी, एक उपाशी. मला वाटलं, चला, देव पावला. सासूबाईंच्या तर हातचा मळ आहे हा.

त्या चित्रकारांची नावं मी इथे लिहीत नाही. माझ्या उच्चारांवरून घरात पुरेसा अपमान झालेला आहे.

पहिल्याच जोडउताऱ्यात सासूबाईंची बहुतेक सगळी उत्तरं चुकली. मला आधी वाटलं, उत्तरं मीच चुकीच्या पानावरून तपासतेय. पुन्हा तपासली. चूकच.

“हा प्रश्न बघा,” मी म्हटलं. “पहिल्या उताऱ्यानुसार चित्रकाराने शेवटची चित्रं अर्धवट का सोडली? उत्तर क. त्याचं मन नव्या विषयांकडे धावायचं म्हणून. तुम्ही ब लिहिलंय.”

“त्याची नजर गेली होती,” सासूबाई म्हणाल्या.

“उताऱ्यात कुठे आहे नजर?”

“उताऱ्यात नाही. पण गेली होती. म्हातारपणी त्याला हाताची बोटं दिसत नव्हती, आणि हा शहाणा लिहितो मन धावायचं!” त्या उठल्या, कपाटातून एक भलंमोठं पुस्तक काढून आणलं आणि माझ्यासमोर आदळलं. चहाचा कप हिंदकळला. “वाच इथे.”

“आई, पुस्तक नको. उतारा. उताऱ्यात दिलेलं नाही ते नाहीच असं समजायचं.”

“का?”

“परीक्षेचा नियमच आहे तो.”

“म्हणजे खोटं लिहिलं असेल तरी खरं म्हणायचं?”

“खरं नाही म्हणायचं हो! उतारा काय म्हणतो तेवढं सांगायचं.”

“मग उताऱ्यालाच विचारा की. मला कशाला विचारता?”

मी कपाळाला हात लावला. असं रोज चालायचं. मी दुपारी क्लासमधून घसा बसवून यायची, ताटावर बसायची तोच या पुस्तक घेऊन हजर. एका उताऱ्यात कुणी रंगाचं नाव चुकीचं दिलेलं असायचं, एकात कुणाच्या गुरूला कमी लेखलेलं असायचं. एका लेखकाने एका थोर चित्रकाराच्या निळ्या रंगाला ‘शांत’ म्हटलं, त्यावर आमची पोळीभाजी गार झाली. “शांत? तो निळा बघून मला मेलीला तीन दिवस झोप नव्हती,” म्हणाल्या. मी म्हटलं, आई, प्रश्न निळ्याबद्दल नाहीच, लेखकाच्या सुराबद्दल आहे. म्हणाल्या, “सूर खोटा आहे.” खोटा असा पर्याय त्यात नव्हता.

कळस म्हणजे पुस्तकातली पानं. मी पेन्सिलने खुणा करायला सांगितल्या होत्या. एके दिवशी पुस्तक उघडलं तर समासात लाल शाई. ‘निराधार.’ ‘कशावरून?’ ‘चित्र पाहिलेले दिसत नाही.’ आणि प्रत्येक उताऱ्याच्या खाली गोल करून ग्रेड. पहिल्याला बी. दुसऱ्याला सी, पुढे शेरा: ‘पुन्हा लिहिणे.’ बाईंनी उत्तरं द्यायची सोडून उतारेच तपासले होते. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी ओरडले.

नेमक्या तेव्हा दारात भाजीवाल्या मावशी उभ्या होत्या. मोशीहून येतात, दारावर भाजी देतात, कित्येक वर्षांच्या ओळखीच्या. त्यांनी मेथीची जुडी हातातच धरली आणि विचारलं, “काय वो म्याडम, सासू-सुनंचं भांडान लागलंय का काय?”

“भांडण नाही मावशी, अभ्यास चाललाय.”

“लेकीचा व्हय?”

“नाही. यांचा.”

मावशींनी सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. “परिक्षा त्यांची हाय न्हवं? मग तुमी का वरडताय?”

मी मेथीचे पैसे आणायला आत गेले.

खरी गंमत, म्हणजे खरा ताप, पुढे होता. मी चित्रकारांचं प्रकरण बंद केलं आणि त्यांना इतर जोडउतारे दिले. पुलांवर, गव्हावर, समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यावर. सगळे बरोबर. एकही चूक नाही. माझ्या क्लासमधली हुशार पोरं अडखळतात तिथेही या सरळ पार. म्हणजे आकलनात काही खोट नव्हती. बाईंना ज्याचं काही माहीत नाही त्याचं सगळं कळत होतं, आणि ज्यात जन्म गेला तिथे पालथ्या घड्यावर पाणी.

गुरुवारी नवऱ्याच्या कंपनीला सुट्टी असते. त्याने हा सगळा प्रकार कारखान्यातल्या पद्धतीने हातात घेतला. त्यांच्याकडे एखादा भाग सदोष निघाला की ‘का? मग ते का? मग ते का?’ असं खोदत मुळापर्यंत जातात. त्याने फ्रिजवर कागद चिकटवला. उत्तर चुकलं, का? उताऱ्याबाहेरचं लिहिलं, का? बाहेरचं माहीत आहे, का? पस्तीस वर्षं शिकवलं. शेवटी त्याने मूळ कारण लिहिलं: ‘आईला जास्त माहीत आहे.’ उपाय या रकान्यापाशी येऊन तो थांबला. बराच वेळ पेन तोंडात धरून उभा होता. “याच्यावर उपाय नाही राव,” म्हणाला, आणि मॅच बघायला गेला. एवढं शिक्षण, एवढा पगार, आणि शेवटी हे.

मी त्याला म्हटलं, पूल आणि गव्हावर आलं तर ठीक, पण परीक्षा कलेच्या इतिहासाची आहे. उतारे चित्रकारांवरच असणार की नाही? तिथेच या बाई परीक्षकाला शिकवायला बसल्या तर प्रवेश गेला. तो म्हणाला, तू समजव. सगळ्यांचा शेवट ‘तू समजव’वर होतो, हे मी लग्न झाल्यापासून बघतेय.

समजवायची वाट मला सापडली ती मे महिन्यातल्या एका गुरुवारी. दुरुस्तीसाठी वीज गेली होती, पंखे बंद, घर नुसतं उकडत होतं. माझी मुलगी आठवीत. पुढे तिला एलिमेंटरीला बसायचं होतं, म्हणून आजीने तिला जेवणाच्या टेबलावर वस्तुचित्र काढायला बसवलं होतं. समोर पितळी तांब्या, शेजारी दोन कांदे आणि घडी घातलेला पंचा. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि पेला हातात घेऊन दारात उभी राहिले.

मुलीने तांब्याचं तोंड छान गरगरीत गोल काढलं होतं.

“हे काय?” आजीने विचारलं.

“तांब्याचं तोंड.”

“असं दिसतं ते तुला?”

“तांब्याचं तोंड गोलच असतं आजी.”

“असतं. मला काय असतं ते विचारायचं नाहीये. तुझ्या खुर्चीवरून काय दिसतं?”

मुलीने मान वाकडी केली, एक डोळा मिटला. “चपटं. अंड्यासारखं.”

“मग गोल कुठून आलं? डोक्यातून आलं. माहीत आहे म्हणून काढलंस. हीच चूक सगळी पोरं करतात. माहीत आहे ते सगळं बाजूला ठेवायचं आणि बसल्या जागेवरून दिसतं तेवढंच काढायचं. तांब्याची मागची बाजू तुला माहीत आहे म्हणून ती पुढे काढशील का?”

माझ्या हातातलं पाणी सांडलं. मी तशीच आत गेले, सरावाचं पुस्तक आणलं, चित्रकारांचं प्रकरण उघडलं आणि त्या तांब्याला टेकवून उभं केलं, कांद्यांच्या मध्ये.

“हे काय करतेस? प्रकाश अडतोय,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, हा तांब्या,” मी पुस्तकावर बोट ठेवलं. “याची मागची बाजू तुम्हाला माहीत आहे. त्या चित्रकाराची नजर गेली होती, त्याचा निळा शांत नव्हता, सगळं माहीत आहे. पण बसल्या जागेवरून दिसतं का?”

सासूबाई पुस्तकाकडे बघत राहिल्या, मग तांब्याकडे, मग परत पुस्तकाकडे. गुरूची विद्या गुरूला म्हणतात तसं झालं होतं, आणि त्यांना ते बिलकुल आवडलेलं नव्हतं. मुलगी खुदकन हसली, तिला त्यांनी दटावलं. मग एवढंच म्हणाल्या, “हे आधी सांगायचं की. महिनाभर नियम नियम काय करत होतीस?”

म्हणजे तीही माझीच चूक.

पण त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. लाल पेन गेला. उतारा वाचताना राग आला की त्या समासात पेन्सिलने एक छोटा लंबगोल काढायच्या, तांब्याच्या तोंडासारखा. तो काढला की जरा थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि मुकाट्याने बरोबर पर्यायावर खूण करायच्या. काही पानांच्या समासात नुसते लंबगोलच लंबगोल होते. पण उत्तरं बरोबर यायला लागली. मी क्लासमध्ये सुद्धा कुणावर ओरडेनाशी झाले. घरात पोळीभाजी गरम मिळू लागली.

आणि मग तो प्रश्न आला.

प्रकरणाच्या शेवटचा जोडउतारा. पहिला उतारा एका चित्रकाराच्या शिस्तीबद्दल होता. पहाटे उठणं, एका खोलीत दिवसदिवस काम करणं वगैरे. दुसरा त्याच्या घराबद्दल. त्यात एक वाक्य होतं, की त्याची बायको त्याच्याच कलाशाळेत शिकलेली होती, आणि घर शांत राहावं म्हणून तिने लग्नानंतर आपला ब्रश स्वखुशीने खाली ठेवला. प्रश्न: दुसऱ्या उताऱ्यानुसार चित्रकाराच्या पत्नीने चित्रं काढणं का थांबवलं? अ, तिच्यात गुण नव्हते. ब, आजारपण. क, नवऱ्याच्या कामासाठी स्वखुशीने. ड, उताऱ्यात दिलेलं नाही.

दुधखुळं पोरही क लिहील. सासूबाईंनी ड वर खूण केली होती. समासात लंबगोल नव्हता.

“आई, हे दिलंय,” मी म्हटलं. “हे बघा, स्वखुशीने. शब्द आहे.”

“कसा ठेवला ते दिलंय. का ठेवला ते दिलेलं नाही.”

“घर शांत राहावं म्हणून, हे काय आहे मग?”

“ते घराचं झालं. तिचं कुठे दिलंय?”

“आई, पुन्हा सुरू करू नका. तांब्या. दिसतं तेवढं.”

“दिसतं तेवढंच बघून सांगतेय. ती एक शब्दही बोललेली दिसत नाही या उताऱ्यात. तू दाखव.”

मी उतारा पुन्हा वाचला. खरंच, बायको त्यात कुठे बोलत नव्हती. पण उत्तरसूचीत क होतं, आणि उत्तरसूचीपुढे माझं काही चालत नाही, मी त्याच भाकरीवर जगते. मला भयंकर राग आला. परीक्षा तोंडावर आलेली, मोजक्या जागा, एका-एका गुणावर माणसं राहतात, आणि या पुन्हा मूळपदावर. मी म्हटलं, “आई, असा हट्ट कराल तर जागा जाईल. तुमचीच जाईल, माझी नाही.”

सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “माझ्या निरोपसमारंभाला तू होतीस ना?”

होते. शाळेच्या हॉलमध्ये त्या शाल आणि नारळ घेऊन स्टेजवर बसल्या होत्या, आणि माझ्या नवऱ्याने कुटुंबातर्फे भाषण केलं होतं. चांगलं केलं होतं. पाठ केलेलं होतं तरी. मुंबईच्या कलाशाळेत आईचं नाव लागलं होतं, मोठी चित्रकार झाली असती, पण आमच्या संसारासाठी तिने ते सगळं स्वखुशीने सोडलं, असं तो म्हणाला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सासूबाई स्टेजवर हसत होत्या.

“रंगांची पेटी माळ्यावर मीच ठेवली,” त्या म्हणाल्या. “माझ्या हाताने. स्टूलही मीच आणलं. कोणी हात धरला नाही, कोणी ओरडलं नाही. आता बघणाऱ्याला बसल्या जागेवरून काय दिसणार? हेच दिसणार.” त्यांनी क या पर्यायावर नख टेकवलं. मग उठल्या आणि कुकर लावायला गेल्या.

तेव्हा काय झालं होतं, कोणी काय म्हटलं होतं, मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. तो प्रश्न ड च्या खुणेसह तसाच राहिला, आणि आम्ही दोघींनी त्या पानावर परत जायचं टाळलं. मला मात्र तो दाताच्या फटीत अडकलेल्या शेंगदाण्यासारखा सलत होता. घरातल्या इतक्या गोष्टींवर मी चिडते, पण यात नेमकं कुणावर चिडायचं हे मला ठरवता येईना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांची ओळखपत्रं, पाण्याची बाटली, चष्मा असं सगळं एका पिशवीत भरत होते. सासूबाई टेबलापाशी पुस्तक चाळत बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. शेवटच्या जोडउताऱ्याचं पान. ड ची खूण पुसलेली होती आणि क वर नवी, ठळक, नीट केलेली खूण होती. समासात एक लंबगोल.

“घे,” त्या म्हणाल्या. “झालं तुझ्या मनासारखं. दिसतं तसं काढलं.”

सबंध उन्हाळा मी याचसाठी घसा फोडत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतकं वाईट वाटलं की टेबलावरचं खोडरबर उचलून मी ती खूण पुसायला लागले. जोरात, दोन्हीकडे, पान हलेपर्यंत.

“अगं काय करतेस? बरोबर आहे ना ते?”

“बरोबर आहे.”

“मग?”

“बरोबर आहे, पण राहू दे. इथे ड च असू दे.” माझा आवाज चिरकला आणि त्याचाही मला राग आला.

“आणि उद्या परीक्षेत असंच आलं तर?”

“उद्या आलं तर क लिहायचं! मुकाट्याने क! हे पुस्तक घरातलं आहे.”

सासूबाईंनी माझ्या हातातून खोडरबर काढून घेतलं. “असं घासत नाहीत. कागद फाटतो. एकाच बाजूने, हलक्या हाताने,” म्हणाल्या, आणि उरलेली खूण त्यांनी स्वतः पुसली, हाताच्या कडेने कण झटकले, आणि ड वर पुन्हा खूण केली. मग मला चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांना सेंटरवर सोडायला गेलो. सगळी पोरं विशी-बाविशीची, पाठीला सॅक, कानात काहीबाही. त्यांच्या रांगेत सासूबाई सुती साडी नेसून, पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. परीक्षा कॉम्प्युटरवर होती. दारातच त्यांच्याकडून पेन्सिल काढून घेतली, तेव्हा त्यांनी मागे वळून माझ्याकडे असं काही बघितलं की मी नवऱ्याला म्हटलं, गेलं. पेन्सिलीशिवाय लंबगोल कुठे काढणार?

बाहेर झाड नाही, बाक नाही, टपरीवरचा चहा पाणीदार. नवरा मध्येच कंपनीच्या फोनवर कुणालातरी गाडीभर भाग परत पाठवायला सांगत होता. पेपर सुटल्यावर सासूबाई सगळ्यात शेवटी बाहेर आल्या.

“काय आलं?” मी विचारलं. “जोडउतारा कुणावर होता?”

“मधमाश्यांवर.”

“काय?”

“एक म्हणतो मधमाश्या हुशार असतात, दुसरा म्हणतो हुशार कसल्या, नुसती सवय.”

“आणि चित्रकार?”

“एकही नाही.”

मी तिथेच गाडीच्या बॉनेटला टेकले. महिनेच्या महिने. तो निळा रंग, ती गेलेली नजर, गार पोळ्या, फ्रिजवरचा कागद, तांब्या. आणि मधमाश्या!

“मला मधमाश्यांचं काय माहीत?” सासूबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या. “सगळं सोपं गेलं.”

त्यांचं नाव यादीत लागलं. पहिल्या दिवशी त्या संत तुकाराम नगरहून मेट्रोने गेल्या, मला स्टेशनपर्यंतसुद्धा येऊ दिलं नाही. संध्याकाळी आल्या त्या गुडघे धरून. मी घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घातलं, त्यात पाय सोडून त्या बसल्या आणि आम्ही भोवती. नवरा नुकताच कंपनीच्या बसमधून उतरून आलेला, बूटसुद्धा काढले नव्हते. सगळं सांगून झालं: वर्ग कसा, जिने किती, कॅन्टीनचा चहा कसा.

“सरांनी सगळ्यांना उभं करून ओळख करून द्यायला सांगितली,” त्या मुलाकडे बघून म्हणाल्या. “सर तुझ्याहून लहान आहेत. मी सांगितलं, कलाशाळेत नाव लागलं होतं, गेले नाही, पुढे शाळेत शिकवलं. तर म्हणाले, मॅडम, नाव लागलं होतं तर सोडलंत का?”

“मग तू काय सांगितलंस?” नवऱ्याने विचारलं.

“सांगितलं, उताऱ्यात दिलेलं नाही.”

नवरा हसला. त्याला वाटलं, आमच्या उन्हाळ्यातलीच एखादी थट्टा. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी हसत नव्हते. तो हळूहळू हसायचा थांबला. एक बूट काढलेला, एक तसाच, असा तो आईसमोर जमिनीवर बसला.

“का सोडलंस आई?” त्याने विचारलं.

सासूबाईंनी पाय पाण्यातून बाहेर काढले, पंच्याने नीट कोरडे केले.

“बस,” म्हणाल्या. “सांगते.”